वहिवाट

टॅमरॅकच्या उतारावरची तीनशे सतरा नंबरची वाट.
मी टेप लावून तिच्या चाकोऱ्या मोजते.
जूनमध्ये नऊ इंच, पावसानंतर चौदा,
आणि एल्कच्या शिकारीचा हंगाम उघडतो त्या आठवड्यात
टेप खाली सोडून गुडघ्यावर बसावं लागतं.
गाळ उतरतो तो थेट झऱ्यात.
खडीत ट्राउटची अंडी असतात, वाटाण्याहून लहान, नारिंगी.
त्यांना श्वासापुरत्या फटी लागतात.
हे वाक्य मी सभेत वाचून दाखवलं.
माईक बंद होता. परत वाचलं.

सभा शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली.
एका बाजूला चालणारे, एका बाजूला चालवणारे,
मधली रांग कुणी न सांगता रिकामी.
इंगा हॉकर्सननं बेडकांची एक रात्र ऐकवली,
मग त्याच डबक्याची पुढच्या वर्षीची रात्र.
मागून कोल्टर ओरडला, "बेडकांनी कर भरला का?"
जिमभर हशा.
तिच्या बाजूचं कुणीतरी म्हणालं,
"पाय चालत नसतील त्यांनी घरी बसावं."
तेव्हा कुणी हसलं नाही,
कारण ऑरविल लिंडक्विस्ट उभा होता.

वय चौऱ्याऐंशी, नाकात प्राणवायूची नळी.
"ही वाट मी केली," तो म्हणाला.
"एकोणीस वर्षांचा होतो. करवतीच्या त्या टोकाला माझा भाऊ.
दुसऱ्या पुलाशी मोठा धोंडा आहे,
त्याच्याखाली भावाचं एक बोट आहे.
वर तळ्याशी बायकोची राख.
माझी चारचाकी ताशी सहा मैल जाते.
तुमची खेचरं मला मागे टाकतात."
शेवटच्या रांगेतून युलालियाचा आवाज आला.
तिच्या आजीच्या आजीनं त्याच वाटेनं
हकलबेरीच्या टोपल्या खाली आणल्या होत्या.
"केली नाहीस, ऑरविल," ती म्हणाली. "रुंद केलीस."
त्यानं टोपी काढली,
काहीतरी बोलणार होता,
तीन मिनिटांचा दिवा लाल झाला.

ऑगस्टमध्ये फाटक आलं. पिवळं, लोखंडी.
महिन्यात दोनदा कुणीतरी कुलूप कापलं,
तिसऱ्यांदा कापलंच नाही,
शेजारची कोवळी लार्च चिरडून सरळ वळसा घेतला.
आता मोजायला दोन चाकोऱ्या.
वाट अडवली की आडवाट फुटते
हे मला कळायला फॉर्मच्या चार प्रती लागल्या.

ऑक्टोबरात लार्च पिवळ्या झाल्या
त्या आठवड्यात ऑरविल फाटकाशी बसलेला.
इंजिन बंद. मांडीवर सँडविच.
मी पिकअप थांबवली, किल्ली काढली.
"तू जातेस," तो म्हणाला.
"काम आहे."
"हं. मलाही होतं."
मी त्याला कलम सांगितलं,
अपंगांसाठी सवलत आहे, अर्ज आहे, पंचेचाळीस दिवस लागतात.
त्यानं डोंगराच्या माथ्याकडे पाहिलं.
तिथं पांढरं धरायला सुरुवात झाली होती.
"तुझ्या गाडीचीही मोजतेस का?" त्यानं विचारलं.
टोमणा नव्हता त्यात. कामातलं विचारावं तसं.

मी फाटक उघडलं. आत गेले. फाटक लावलं.
त्याला बस म्हणाले नाही.
शेजारची सीट रिकामी होती,
तिच्यावर बूट, टेप, नकाशा.
नियमात कुठं बसतं ते मी नंतर पाहिलं.
बसत होतं.

दुसऱ्या पुलाशी धोंडा आहे.
मी उतरले, मागे चालत गेले,
माझ्या टायरच्या खुणेत टेप धरला.
सव्वादोन इंच.
फॉर्मवर वाहनाच्या प्रकाराचे पाच रकाने,
त्यात माझा नाही.
सव्वादोन मी समासात लिहिलं, आणि कुणाचं ते लिहिलं नाही.

परतले तेव्हा तो गेला होता.
खांबाशी सँडविचचा कागद,
चौकोनी घडी घालून, वर एक खडा ठेवलेला.
कचरा उचलणं माझ्या कामात येतं.
मी तो जाकिटाच्या खिशात घातला.
हिवाळा गेला. जाकीट दोनदा धुतलं,
दोन्ही वेळा आधी
तो बाहेर काढून ठेवला.