सोयरीक, चार दिवसांची

समुद्र गोठला होता, पण पुरता नाही.
फेरीबोटीला बर्फ जड, मोटारीला पातळ.
अशा दिवसांत हीउमा बेटावर
माणसंसुद्धा आजारपण पुढं ढकलतात.
मांजराला कोण सांगणार.

माइमूच्या पिपरनं
विष खाल्लेला उंदीर खाल्ला.
विर्वे डॉक्टरीण तिच्या हिरडीवर
बोट दाबून सोडायची, बघायची,
रंग परत येतो का.
येत नव्हता.
मांजराचं रक्त टालिनला होतं,
चार अंशांवर, लेबल लावून, नीट.
वाटेत पंचवीस किलोमीटर
धड पाणी नाही, धड जमीन नाही.

रात्री अकराला फोन आला माझ्याकडं.
"तुझा मुरी भरतो किती किलो?"
वाटलं, झोपेत बरळतेय.
"कुत्र्याचं? मांजराला?"
"चालतं," ती म्हणाली. "एकदाच."

त्या दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.
गेल्या उन्हाळ्यात याच पिपरकडून
मुरीनं नाक फाडून घेतलेलं.
तरी टेबलावर आडवा झाला,
मानेवरचे केस भादरू दिले,
सुई शिरताना फक्त माझ्याकडं बघितलं.
मी त्याच्या कानात बोटींच्या इंजिनांची नावं
एकेक करून सांगत बसलो.
दुसरं काही सुचेना.
विर्वे रक्ताची पिशवी तान्ह्या पोरागत डुलवत होती,
गुठळी होऊ नये म्हणून.

डुलवता डुलवता म्हणाली,
पहिल्या वेळी शरीर बेसावध असतं.
पाहुणा आला, पाट मांडतं.
मग हळूच कूळ विचारतं, गाव विचारतं,
चेहरा नीट लक्षात ठेवतं,
आणि चार दिवसांत
एकेक पेशी शोधून मोडतं.
पुन्हा कधी तोच दारात आला, तर—
हात मोकळा नव्हता तिचा.
नुसती मान हलवली.

चार दिवस.
तेवढ्यात पिपरच्या हाडांनी
आपलं आपण बघायचं,
नाहीतर वाऱ्यानं बर्फ फोडायचा.

पहाटे तीनला ओठाच्या आत
जरासं गुलाबी दिसलं.
दिव्यामुळंही असेल, विर्वे म्हणाली.
माइमू म्हणाली, "कॉफी टाकते,"
आणि किटली हातात घेऊन
तिथंच उभी राहिली.

गुरुवारी बोट सुटली.
तोवर पिपर हेरिंग मागत होती,
आणि कार्डावर लाल शाईत लिहिलं होतं:
कुत्र्याचं रक्त दिलेलं आहे. पुन्हा नको.
खाली दोन रेघा.

म्हणजे आता त्यांचं सोयरसुतक संपलं.
आज सोमवार. मोडलं असेल सगळं.
मुरीच्या मानेवर उघडा चौकोन,
त्याच्यावर माझा मफलर.
माइमूच्या फाटकाशी तो थांबतो, हुंगतो.
पिपर खिडकीत पाठ फुगवून फिस्कारते,
जोरात, आतून, चांगली पोटभर.
मी म्हणतो, चल.
तो हलत नाही.
मीही दोरी ओढत नाही,
गारठ्यानं माझीच मान आखडत जाते.