नऊ टेक

मेणवलीच्या घाटावर
आम्हां बावीस बायकांना रडायला नेलं होतं.
दिवसाचे पाचशे, वर जेवण,
लुगडं जिचं तिनं आणायचं.

मला मढ्याच्या उशाशी बसवलं.
माझं रडणं, असिस्टंट पोरगा म्हणाला,
कॅमेऱ्याला पटतं.

मढं म्हणजे मुंबईच्या मोठ्या बाई.
तिसऱ्या टेकला चादरीखालून पुटपुटल्या,
"मावशी, मुंगी चावतेय हो, दंडाला."
मी हंबरडा फोडता फोडता
हात आत सारला, चिरडली.
मढं हसलं, चादर हलली.
कट!
शिव्या मला बसल्या.
बाईंनी मात्र माझं बोट जे धरलं
ते नवव्या टेकपर्यंत सोडलं नाही.

दुपारी त्या व्हॅनमध्ये.
आम्ही वडाखाली, पत्रावळ मांडीवर.
पनीर खुर्चीवाल्यांना, आम्हाला आमटी.
चुकून खुर्चीत टेकली म्हणून
शैला तोडकरला भर घासावरून उठवलं;
ती पुढचा सीन खरंच रडली,
तिला शंभर जास्त मिळाले.

संध्याकाळी गाडीची काच अर्धी खाली आली.
हात हलला.
कुणासाठी, देव जाणे.
आम्ही बावीसजणींनी हलवले.

पिक्चर साताऱ्याला जाऊन पाहिला.
माझं कोपर तेवढं आहे त्यात.

परवा आळीतल्या गजराक्का गेल्या.
सगळ्या रडत होत्या, मीही.
पण माझे डोळे चादरीवर,
आणि हात तयार,
न जाणो,
एखादी मुंगी असली तर.