दोन पूर्णांक आठ

पहाटे पाचला महालक्ष्मीच्या ट्रॅकवर मी आणि बगळे.
त्यांना किडे हवेत, मला आकडा.
एक किलोचं वजन दांडीवरून सोडायचं,
तीनदा, त्याच भोकात,
आणि सळई किती आत गेली
ते बॅटरीच्या उजेडात वाचायचं.
वीस जागी.

माझ्या आधी हे जानू पेडामकर करायचा.
तो चप्पल काढून टाच रोवायचा,
म्हणायचा, आज तीन. आज अडीचच्या वर नाही.
साहेबलोक मशीनने ताडून बघायचे
आणि चहा मागवायचे.
मला टाचेतलं कळत नाही. मी वहीत लिहितो.

खोटा कठडा सात मीटर बाहेर सरकवतो आम्ही,
आतलं गवत निजावं म्हणून.
घोडा त्याला खराच धरून वळतो.

शनिवारी आतल्या हिरवळीवर लग्न होतं.
जनरेटरचे दोन ट्रक, झुंबरांचा एक टेम्पो,
सहाशेच्या खांबापाशी ट्रॅक ओलांडून गेले.
खाली फळ्या टाकल्या होत्या,
असं मला सांगण्यात आलं.
ऑफिसातले लोटलीकर म्हणाले, करणार काय,
जीएसटी आल्यापासून खिडकीवर माणूस नाही,
मालक घोडे विकून मोकळे होतायत,
लीजचं काय ते देवीला ठाऊक,
लग्नांवर चाललंय, बाबा.
खोटं नव्हतं. माझा पगारही त्यातलाच.

रविवारी पहाटे चौदाव्या भोकात सळई अडली.
एक पूर्णांक सहा.
वजन पुन्हा सोडलं. मनगट झणाणलं.
बाकीच्या एकोणीस जागा लोण्यासारख्या.
बेरीज केली, विसाने भागलं,
दोन पूर्णांक आठ.
पुन्हा भागलं. तेच.
शाळेत गणितात मला पैकीच्या पैकी असायचे.
फळ्यावर खडूने लिहिलं,
कुणीतरी खाली सही केली.

चौथ्या शर्यतीत ती सहाव्या गेटातून सुटली.
कार्डावर नाव इंग्रजी, जीभ अडखळेल असं.
तबेल्यात भंवरलाल तिला चिंगी म्हणायचा,
खरारा करताना तिच्या कानात
गावाकडून आलेले फोन सांगायचा,
म्हैस व्यायली, मेव्हणा परत आला, वगैरे.

सहाशेच्या खांबापाशी आवाज झाला.
स्टँडमध्ये तो पोचत नाही.
मी पाइप गुंडाळत होतो, मला आला.
वाळकी काटकी मोडावी तेवढाच.
जॉकी गवतात उठून बसला,
एका हाताने दुसरा हात चाचपत.
ती तीन पायांवर उभी,
पुढे गेलेल्या घोड्यांकडे बघत,
कान ताठ,
अजून गाठता येतील असे.

हिरवा पडदा धरायला चौघं लागतात.
तिसरा मी.
समुद्राकडून वारा होता, कापड फडफडत होतं,
मी टोक पायाखाली दाबून धरलं
आणि हाजी अलीच्या बाजूला बघत राहिलो.
भंवरलाल पडद्याच्या आत.
पाचवी शर्यत सात मिनिटं उशिरा.

चौकशीत विचारलं, ट्रॅक कसा होता?
वही उघडली. दोन पूर्णांक आठ.
पाणी दिलं होतं?
दिलं होतं.
भंवरलालला कोणी काही विचारलं नाही.
बाहेरच्या बाकावर बसून तो
लगामावरची माती नखाने काढत होता.
माती माझी होती.

सोमवारी नकाशेवाले आले.
इथे बाग, इथे झरे, खाली गाड्या,
टेप माझ्याकडे देऊन म्हणाले, जरा धरा.
धरली.
त्यातल्या एका पोरीने विचारलं,
काका, इथली जमीन कशी आहे, मऊ की कडक?
मी म्हटलं, कुठली?
ती हसली. मी थांबून राहिलो.

आता वीस जागा झाल्या की
मी सहाशेच्या खांबापाशी परत जातो.
वहीत त्याला रकाना नाही,
पानाच्या मागे पेन्सिलीने लिहितो,
एक सहा, एक सात, काल एक नऊ.
मग इकडेतिकडे बघून
चप्पल काढतो, टाच रोवतो.
अजून काही सांगत नाही ती.
गार लागतं फक्त,
आणि बगळे थोडे सरकून बसतात.