हलू नकोस

इस्त्रीच्या टेबलावर पालथा घालून
बाप म्हणायचा : पड.
म्हणजे पडतोयस असा दिस.
हात पुढे, डावा गुडघा वाकडा,
तोंड उघड. एवढं नाही, मासा नाहीयेस तू.
मग पेन्सिल चालू लागे
आणि लॅकावॅनातल्या आमच्या तळघरात
जमिनीपासून तीन फुटांवर
मी चाळीस मजल्यांवरून पडत राही.

महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी
कॅप्टन हार्बर मला झेलायचा.
मला म्हणजे टगला, त्याच्या मुलाला.
बत्तीस पानं, पंधरा सेंट,
आणि कितीही उशीर झाला तरी
शेवटून दुसऱ्या पानावर
तो निळा हात यायचाच.

वर्गातला डार्को विचारायचा,
तुझा बाप खरंच तसा आहे?
मी म्हणायचो, हो.
काय सांगणार होतो?
की माझा बाप मिकलोश बेरेज
पोलाद कारखान्याच्या नकाशाखात्यात
दिवसभर बोल्ट काढतो, रात्री केप काढतो,
जेवताना पावापलीकडे काही मागत नाही,
आणि माझ्याकडे बघतो
ते फक्त हातात पेन्सिल असताना?

पण तेव्हा बघायचा मात्र.
असं कुणी कुणाकडे बघत नाही.
कानाची पाळी, मनगटाचं हाड,
घसरगाडीवरून आपटलो तेव्हाचा भुवईतला व्रण,
बुटाची सुटलेली नाडी
(ती बांधू नकोस, राहू दे तशीच).
हनुवटीला दोन बोटं लावून
माझं तोंड दिव्याकडे वळवायचा.
बोटांना शाईचा वास, खोडरबराचा चुरा.
हलू नकोस, म्हणायचा.
मी श्वाससुद्धा उसना आणल्यासारखा
जपून वापरायचो.

तेराव्या वर्षी माझे पाय लांबले, आवाज फुटला.
टगचा नाही.
एका रात्री त्यानं मला टेबलावर घेतलं,
बराच वेळ बघितलं,
आणि म्हणाला, उतर.

त्यानंतर एकोणीस वर्षं तो मनानंच काढत राहिला
एक अकरा वर्षांचा मुलगा,
डाव्या बुटाची नाडी सुटलेला.
कारखाना बंद पडला, कॅप्टन नाही पडला.
मी जिन्यात बसून टाकाची कुरकुर ऐकायचो.
उभ्या आयुष्यात मला हेवा वाटला
तो त्या पोराचा.

चौकटीत ते दोघं बोलायचे.
बाबा, मला भीती वाटते.
मलाही, बाळा. (अंक अठ्ठ्याऐंशी, पान चौदा.)
मी ते पान इतक्यांदा उघडलं
की आता ते आपणहून उघडतं.
खूप उशिरा कळलं
की शब्द न्यूयॉर्कहून यायचे,
कुणी तिसराच माणूस लिहायचा ते.
बाप फक्त फुगे काढायचा,
आत जागा सोडून.

आमच्या घरीही ते होतेच.
स्वयंपाकघरात, गाडीत, आईच्या शवपेटीजवळ,
दोघांच्या डोक्यांवर
दोन गोल, पांढरे, रिकामे.

आता तो चीक्टोवागाच्या वृद्धाश्रमात, खोली नऊ.
खिडकीबाहेर सरोवरावरून आलेला बर्फ
पार्किंगमधल्या गाड्या खोडतोय.
दर रविवारी मी त्याची दाढी करतो.
आज त्याला माझं नाव आठवलं नाही;
परवा आठवलं होतं, आर्पाद,
पण ते त्यानं टीव्हीकडे बघून घेतलं.

फेस लावला.
हनुवटीला दोन बोटं लावून
त्याचं तोंड खिडकीकडे वळवलं.
केवढंसं झालंय तोंड. हातात मावतं.

हलू नकोस, तो म्हणाला.

वाक्य माझं होतं, खरं तर.
पण त्याचा उजवा हात
पांघरुणावर सरकायला लागला होता,
तर्जनी आणि अंगठा जुळलेले, मध्ये काही नाही.
डोळे माझ्या भुवईवर आले,
तिथून कानावर,
तिथून खाली, सावकाश,
बासष्ट वर्षांच्या माझ्या बुटांपर्यंत.

मी हललो नाही.
फेस त्याच्या गालावर सुकत गेला.
सूप घेऊन आलेली नर्स ओडेल
दारातच थांबली, ट्रे धरून.