मणियारांचं बोट

मे महिना. भोसरीच्या गाळ्यात दुपारी बेचाळीस.
पंखा आहे तो नुसता हवा ढवळायला.
वहीत पहिला आकडा हाच,
सगळी बेरीज इथूनच सुरू होते.
झाकण लावल्यावर डब्यात साठ धरा, मणियार म्हणतात,
आणि मी धरते.

ऑप-अँपला वरून अधिक चोवीस, खालून उणे चोवीस व्होल्ट.
समोर आठ ओहमचा रेझिस्टर, दंडगोल, हिरवा,
पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून
मणियारांनी घासाघीस करून आणलेला.

रेणुका नवीन आहे. म्हणाली,
पूर्ण जोरात चालेल तेव्हाच सगळ्यात जास्त तापेल ना, मॅडम?
नाही गं.
पूर्ण दिलं की जवळपास सगळं पलीकडे जातं,
काहीच दिलं नाही तर तापायचं कशाला.
तो तापतो अर्ध्यावर.
बारा पलीकडे, बारा अंगावर,
आणि मधून दीड अँपिअर वाहतोय मुकाट.
बारा दीडे अठरा.
अठरा वॅट, नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये.

आता ही उष्णता बाहेर कशी येते ते लिही.
जंक्शनपासून केसपर्यंत दीड अंश, दर वॅटला.
अभ्रक आणि पांढरी पेस्ट मिळून अर्धा.
हीटसिंकपासून हवेपर्यंत दोन.
झाले चार. अठरा चोक बाहत्तर.
साठात मिळव.
एकशे बत्तीस.
दीडशेला मरतो. म्हणजे हातात अठरा उरले,
महिनाअखेरीला उरतात तसे.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात,
पण इथे शीतच कुणाच्या हाताला लागत नाही.
जंक्शन कुणी पाहिलेलं नाही.
बाहेरून चाचपायचं आणि आतलं मांडायचं,
बस्स.

मणियारांची पद्धत वेगळी. एकतीस वर्षांची.
उजव्या हाताची तर्जनी हीटसिंकच्या पात्यावर.
तीनपर्यंत मोजता आलं तर पंचावन्न.
एकलाच सुटलं तर सत्तर.
टेकताच सुटलं तर, म्हणायचे, घैसाससाहेबांना बोलवा.
थर्मोकपल लावून पाहिलं मी पुष्कळदा,
दोन अंशांच्या आत असायचे.

मग शेकर टेबलाची ऑर्डर आली.
आता समोर रेझिस्टर नाही, कॉइल.
कॉइल घेतलेलं परत करते
आणि वेळ चुकवून करते:
व्होल्टेज शून्यावर उतरलेलं
आणि करंट ऐन भरात.
ते परत आलेलं ठेवायचं कुठे?
ऑप-अँपच्या अंगावर.
त्या दिवशी झाकण उघडं होतं, अठराचे पंचवीस झाले होते.

मणियारांनी बोट टेकवलं.
एक. दोन.
तीन.
पंचावन्न, म्हणाले. लिहा.

माझ्या मीटरवर ब्याण्णव.
वास आला तेव्हा मी त्यांचा हात ओढला.
बेसिनच्या नळाखाली धरला,
टाकीचं पाणी तेही गरम.
बोटाचं टोक पांढरं पडलेलं.
दुखत नाही हो, ते म्हणाले,
आणि मग स्वतःच थांबले.
साखर आहे ना, म्हणाले. नऊ वर्षं.
पायाचं माहीत होतं मला.

मी वहीकडे वळले. वळायला काहीतरी हवं होतं.
ब्याण्णव अधिक पंचवीस दुणे पन्नास.
आत एकशे बेचाळीस.
बाहेरून पंचावन्न.

कॉइलसाठी व्होल्टेज अठरावर आणलं.
हीटसिंकला पंखा लावला, घैसास कुरकुरले, लावला.

अजूनही माल निघायच्या आधी
मणियार प्रत्येक डब्यापाशी येतात.
आता डावी तर्जनी. झटकन टेकवतात, मोजत नाहीत,
माझ्याकडे न बघता आकडा सांगतात.
मी पात्याच्या मागच्या अंगाला
वायर आधीच चिकटवलेली असते.
वहीत दोन रकाने आहेत.
रेणुकाने विचारलं, पहिला कशाला ठेवलाय?
पेनाने लिहितेस ना तो, मी म्हटलं,
पेन्सिलने नको.