अंगठीतला राहू

आत्याची अंगठी आली गोडा मसाल्याच्या पुडीत खुपसून.
चिठ्ठीत इतकंच :
मधल्या बोटात. शनिवारी. आधी दुधात बुडव.
राहू तुझा आठव्या घरात बसलाय, हसू नकोस.

मी हसले नाही.
मी राहते ऑरेगनमधल्या ऑल्बनीत,
इथे कॅलापूया नदी विलामेटला मिळते
आणि कोसभर शेतांत पिकतं ते फक्त गवताचं बी,
कुणाकुणाच्या दारापुढच्या हिरवळीसाठी.
गावाबाहेर आमचा कारखाना.
वाळू येते, जड, तपकिरी, बोटांतून साखरेसारखी सुटणारी.
जाताना तिच्या नळ्या झालेल्या असतात,
अणुभट्टीतल्या इंधनाला घालायचे अंगरखे.

झिर्कोनियमच का, विचारतात लोक.
न्यूट्रॉन त्यातून जातो
पुढच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर,
ओसरीवर पाऊल वाजत नाही.
पण त्याच वाळूत, त्याच कणात
दडलेलं असतं हाफ्नियम :
अंगाने तेवढंच, वजनाने जवळजवळ दुप्पट,
आणि न्यूट्रॉन दिसला की गिळलाच.
दोघांची फारकत सोपी नाही.
गोडसर वासाच्या द्रावकात, टाकीमागून टाकी,
रात्रपाळी-दिवसपाळी घुसळण चालते.
हाफ्नियम वरच्या थरात चढतं. बहुतेक.
उरलेलं देवांच्या पंगतीत
वेष पालटून बसलेलं असतं मुकाट,
त्याला ओळखायचं आणि चुगली करायची
याचा मला पगार मिळतो.
लाखात दहा भाग चालतात.
अकरावा मी शोधते.

माझ्याआधी हे काम वर्ना ऑस्टाड करायची.
तिला डावी भुवई नाही.
कीस भरलेलं पिंप पेटलं होतं एका मार्चमध्ये,
नवा पोरगा धावला पाण्याची नळी घेऊन,
आणि वर्ना ओरडली तशी
आयुष्यात पुन्हा कधी ओरडली नाही :
तापलेला हा धातू पाण्यातलाही ऑक्सिजन ओरबाडतो,
मागे सोडतो हायड्रोजन, तो आणखी भडकणारा.
तिने कोरडं मीठ ओतलं, फावड्याने, पोत्यामागून पोतं.
जणू दृष्ट काढत होती, असं मला वाटतं,
तिला नाही वाटत.
आता तिच्या खुब्यात टायटॅनियमचा सांधा आहे.
ओरखडा पडला की क्षणात स्वतःवर नवी साय धरतो,
म्हणून हाडाने त्याला परकं मानलंच नाही.
“नवऱ्यापेक्षा लवकर रुळला,” म्हणते ती,
आणि जिना चढून दाखवते, मुद्दाम, कठडा न धरता.

तर गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत,
अंगठी मी एक्स-रेच्या बंदुकीखाली धरली.
गोमेदात दिसायला हवं कॅल्शियम, थोडं लोह.
पडद्यावर उभं राहिलं
झिर्कोनियम.
तेच. रोजचंच. डब्यातल्या पोळीइतकं ओळखीचं.
वर्ना पेन्शनच्या कागदांसाठी आली होती,
खांद्यावरून वाकून म्हणाली,
“सराफाने गंडवलं की तुम्हाला.”
गंडवलं खरं. संगमनेरला, हॉलमार्कच्या पाटीखाली.
किती घेतले असतील आत्याकडून,
चष्म्याचं भिंग बदलायचं राहिलंय तिचं अजून.

मग खालची ओळ वाचली.
हाफ्नियम : एक पूर्णांक तीन.
शेकड्यात.
आमच्या नळीत हे निघालं असतं
तर सगळा लॉट परत गेला असता.

रात्री फोन. तिच्याकडे सकाळ, कुकरची शिट्टी.
घातलीस का? खरा आहे ना गं?
कारखान्यात अंगठी चालत नाही, हे मी गाळलं.
म्हटलं, आत्या, राहू आहे आत.
सव्वा टक्क्याहून किंचित जास्त. मोजलाय मी.

ती गप्प. दुसरी शिट्टी.
मग, भाजीवाल्याशी बोलावं तशी :
तेवढा पुरे.
जास्त असला तर झेपत नाही माणसाला.