निळी बाही

व्हिडिओ सत्तेचाळीस सेकंदांचा.
एकतिसाव्या सेकंदाला डाव्या कडेनं
एक निळी बाही आत येते, कोपरापर्यंतच.
तिच्यावर मिठाचा पांढरा ओघळ.
मिलवॉकीत त्या आठवड्यात रस्त्यांवर
बर्फापेक्षा मीठच जास्त पडलं होतं.
बाही माझी आहे.

दारात मार्लिस ब्रँट. दुसरा मजला, येऊन दोन महिने झालेले.
बाहेर ओझेल पेटवे. तिसरा मजला, एकोणीस वर्षं.
पियानो लावून देतात लोकांचे.
हातात अवजारांची पिशवी, बोटात किल्ली,
आणि ती विचारतेय, तुम्ही कुणाकडे?

कुणाकडे नाही. घरी.
कुठल्या नंबरात?
त्यांनी नंबर सांगितला.
नंबर काय, कुणीही वाचेल पाटीवरचा.
मग त्यांनी पिशवी खाली ठेवली,
हातमोजे काढले,
दोन्ही तळवे तिला दिसतील असे धरले
शून्याखाली अकरा अंशांत.
कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला.
सरावाचं होतं ते, मला दिसलं.

तीन पायऱ्या खाली मी, छातीशी टपाल धरून.
त्यात त्यांचंच एक पाकीट: बहिणीचं, मोबीलहून,
दर महिन्याला येतं तसं, तिरप्या अक्षरातलं.
मला फक्त एवढंच म्हणायचं होतं:
हे इथंच राहतात.
तीन शब्द.
मी तोंडात गुळणी धरली.
मिटेल आपापसात, म्हटलं.
निम्मा रस्ता वाटायचा राहिलाय, म्हटलं.
पोस्टाच्या माणसानं मधे पडू नये, म्हटलं.
असा काही नियम नाही.

समोरच्या गॅलरीतल्या पोरानं फोन धरला होता.
संध्याकाळपर्यंत सगळं जग
बाह्या सरसावून आलं.
तिची नोकरी शोधली, तिच्या कुत्र्याचा डॉक्टर शोधला,
आणि वॉकेशात राहणारी आणखी एक मार्लिस ब्रँट
जी दातांच्या कवळ्या बनवते
आणि या भानगडीत कुठंच नव्हती,
तिच्या खिडकीत वीट आली.

ती पत्रं मीच वाटली.
खरीच्या दारी रोज एक गठ्ठा.
साखळी न काढता नुसती बोटं बाहेर यायची.
एके दिवशी बोटं थांबली. म्हणाली,
तुम्ही होतात ना तिथं?
सांगा ना त्यांना, मी नुसतं विचारत होते.
मी म्हटलं, होतो.
पुढचं म्हटलं नाही. तेही नाही.

ओझेलना वेगळी पत्रं येत:
ओहायोतल्या अनोळखी बायकांच्या माफ्या, वीस-वीस डॉलरचे चेक,
आणि काही पाकिटं ज्यांच्यावर
पाठवणाऱ्याचं नाव नसतं.
ती हाताला कळतात, उघडावी लागत नाहीत.

बाहीवरही लोक बोलले.
कुणी म्हणालं, मीटर वाचणारा.
कुणी म्हणालं, पोलिस, बघा नुसता उभा.
आणि कुणा बाईनं लिहिलं होतं:
हा भला माणूस दिसतो,
पुढं येतच होता, तेवढ्यात व्हिडिओ संपला.
दोनशे बारा लोकांना ते पटलं.
मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.
एका रात्री तर
मलाही पटलं.

सोमवारी त्यांचं नोंदणीचं पार्सल होतं,
पियानोच्या तारा. सही लागते.
म्हटलं, पेटवे साहेब, त्या दिवशी
थंडी फार होती, ते म्हणाले.
मग, सही कुठं करू, कॅस?
मी बोट ठेवलं तिथं त्यांनी केली,
नेहमीसारखीच, शेवटचं अक्षर लांब ओढून.

आता घंटीशेजारी नवी पट्टी आहे.
जुनी उन्हानं उडाली होती, कुणाला लागत नव्हती.
नवीवर ठळक काळ्या शाईत
पूर्ण नाव, मधलंसुद्धा:
ओझेल थॅडियस पेटवे.
एकोणीस वर्षांनी.

मी रोज ती वाचतो, मोठ्यानं.
हे इथंच राहतात, असंही म्हणतो पुढं.
जिन्यात कुणी नसलं की.